जालपटल-दुरुस्ती व मूल कोशिकांचे संवर्धन

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस अस्तराप्रमाणे पसरलेल्या जालपटलातील (दृष्टिपटलातील) कोशिका (पेशी) एकदा नष्ट झाल्या म्हणजे मनुष्यात त्या आपोआप पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे जालपटलाच्या अपकर्षाने (ऱ्हासाने) आलेले अंधत्व दीर्घकाळ असाध्य मानले जात असे. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविता येते. स्वच्छमंडल (बाहुलीपुढील पारदर्शक पटल) अपारदर्शक झाल्यास मृत व्यक्तीच्या डोळ्यातील स्वच्छमंडलाचे प्रतिरोपण करता येते. जालपटल मात्र गर्भावस्थेत मेंदूपासूनच बाहेर वाढलेला भाग असल्याने ते सबंध बदलणे शक्य नाही. शरीराबाहेर, काचपात्रात, मूल कोशिकांपासून जालपटलाच्या कोशिका वाढवून त्या रुग्णाच्या डोळ्यात बसविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू झाले. त्या प्रयत्नांचा व त्यांच्या पूर्वतयारीचा इतिहास या नोंदीत दिला आहे.

हा विषय समजण्यासाठी जालपटलाचे दोन भाग लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रकाश ग्रहण करणाऱ्या कोशिका शलाका व शंकू अशा दोन प्रकारच्या असून मानवी डोळ्यात सु. १२ कोटी शलाका व सु. ६० लक्ष शंकू असतात. त्यांनी निर्माण केलेला संदेश मधल्या तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) थरांतून दृक्‌तंत्रिकेकडे व तेथून मेंदूकडे जातो. या प्रकाशग्राही कोशिकांच्या पाठीमागे षट्‌कोनी, काळसर कोशिकांचा एकच थर फरशीसारखा बसविलेला असतो. त्यास रंजक उपकला म्हणतात. ती स्वतः पाहत नाही. पण पाहणाऱ्यांचे पोषण, त्यांनी वापरलेल्या दृक्‌रंजकाचे नूतनीकरण आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांची सफाई ही तिची कामे आहेत. रिचर्ड यंग यांनी १९६७ मध्ये असे दाखविले की, शलाकांचे बाह्यखंड सतत नव्याने बनत असतात. १९६९ मध्ये यंग व डीन बॉक यांनी बेडकाच्या डोळ्यात ही गळून पडलेली टोके रंजक उपकला गिळून पचविते, हे सिद्ध केले. सस्तन प्राण्यांत सु. दहा दिवसांत सबंध बाह्यखंड बदलला जातो. याचा अर्थ रंजक उपकलेची प्रत्येक कोशिका जन्मभर, रोज, आपल्यासमोरील अनेक शलाका-शंकूंचा उष्टा-खरकटा भाग उचलीत असते आणि प्रौढपणी ती स्वतः मात्र सामान्यतः विभागत नाही. वार्धक्यजन्य पीत बिंदूच्या अपकर्षात (जालपटलाच्या मध्यभागातील, सूक्ष्म दृष्टीच्या जागेच्या ऱ्हासात) प्रथम ढासळतो तो हाच थर, आणि त्यामागोमाग प्रकाशग्राही कोशिका मरतात. वाचन, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे यांसाठी लागणारी दृष्टी त्यामुळे जाते. जगात सु. २० कोटी लोकांना या विकाराची कोणती ना कोणती अवस्था असावी, असा अंदाज आहे. स्टारगार्ट रोग हा त्याच जागेचा, पण बहुधा बालवयात वा तारुण्यात सुरू होणारा आनुवंशिक विकार होय. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आनुवंशिक रोगसमूहात याउलट बहुधा शलाका आधी नष्ट होतात व रातांधळेपणापासून सुरुवात होते [⟶ डोळा].

जालपटल पुन्हा वाढू शकते, ही गोष्ट निसर्गाने लपविलेली नव्हती. न्यूट या सॅलॅमँडरवर्गीय उभयचर प्राण्याचा डोळा इजेनंतर पुन्हा भरून येतो, हे अठराव्या शतकापासून माहीत होते. विसाव्या शतकात हे नवे जालपटल रंजक उपकलेपासूनच निर्माण होते, असे आढळून आले; तिच्या कोशिका आपला काळा रंग टाकतात, विभागू लागतात आणि त्यांच्यापासून तंत्रिका कोशिका बनतात. मासे हेच काम म्यूलर कोशिका या आधारकोशिकांकडून करून घेतात. सस्तन प्राण्यांत हे सामर्थ्य उरलेले नाही. जालपटलाची सूक्ष्म रचना १८९३ मध्ये ग्रंथबद्ध करणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन ई काहाल यांनी प्रौढ मेंदूतील तंत्रिका कोशिकांचे पुनर्जनन होत नाही, असा निष्कर्ष काढला होता व त्यांच्या अधिकारामुळे तो कित्येक दशके जवळजवळ निर्विवाद मानला गेला.

शरीराबाहेर कोशिका जिवंत ठेवण्याचे तंत्र १९०७ मध्ये रॉस हॅरिसन या अमेरिकन जीववैज्ञानिकांनी दाखविले. लसीकेच्या (पाझरलेल्या शरीरद्रवाच्या) टांगत्या थेंबात त्यांनी बेडकाच्या भ्रूणाच्या तंत्रिका कोशिकेपासून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. ऊतकसंवर्धनाची ही सुरुवात होय. १९५९ मध्ये रॉयो व क्वे यांनी उंदराच्या भ्रूणाचे जालपटल मातेच्याच डोळ्याच्या पुढील कप्प्यात ठेवून ते तेथे तग धरते, असे नोंदले. तथापि प्रतिरोपणाला खरे बळ मिळाले ते एका रोगी उंदरामुळे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वंशातील उंदरांची रंजक उपकला झिजलेली टोके गिळू शकत नाही. त्यांचा कचरा साचत जातो व काही आठवड्यांतच प्रकाशग्राही कोशिका मरतात. डाउलिंग व सिडमन यांनी १९६२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्यामागील जनुकदोष मात्र २००० मध्ये उमगला. १९८८ मध्ये ली व टर्नर यांनी निरोगी उंदरांची रंजक उपकला या उंदरांच्या जालपटलाखाली टोचली. जेथे ती बसली, तेथील प्रकाशग्राही कोशिका वाचल्या व शेजारच्या भागातील नष्ट झाल्या. एकाच डोळ्यात जिवंत व मृत भागांची ही सीमारेषा दिसणे हा या क्षेत्रातील सर्वांत बोलका पुरावा आहे आणि पुढील सर्व संवर्धन-प्रयोगांची कसोटी म्हणून हेच उंदीर वापरले गेले.

मनुष्यावरील प्रयत्न लवकरच झाले. १९९० नंतरच्या दशकात रुग्णाच्याच डोळ्याच्या कडेची रंजक उपकला मध्यभागी आणणे, सबंध जालपटल सोडवून पीत बिंदू थोडा सरकविणे (रॉबर्ट माखेमर, १९९३), गर्भाच्या रंजक उपकलेचे प्रतिरोपण असे विविध मार्ग अवलंबिले गेले. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तारा प्रसाद दास व अमेरिकेतील मान्वेल देल सेर्रो यांनी प्रगत रेटिनायटिस पिग्मेंटोझाच्या रुग्णांत मानवी गर्भाच्या जालपटल-कोशिका बसवून त्यांच्या सुरक्षिततेचा दीर्घकालीन अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. हे उपचार फारसे फलदायी ठरले नाहीत. पण जालपटलाखाली कोशिका पोहोचविण्याची शस्त्रक्रिया त्यांतून शिकली गेली. गर्भाच्या ऊतकांचा पुरवठा अल्प, अनियमित व नैतिक दृष्ट्या अवघड असे. प्रत्येक वेळी वेगळा गर्भ, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा माल. अमर्याद विभागू शकेल व हुकूमानुसार हव्या त्या कोशिकेत रूपांतरित होईल असा साठा हवा होता.

असा साठा म्हणजे मूल कोशिका. स्वतःसारख्या कोशिका निर्माण करणे व विशिष्ट कार्याच्या कोशिकांत रूपांतरित होणे या दोन्ही क्षमता ज्या कोशिकेत असतात, तिला मूल कोशिका म्हणतात. टोरांटो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककुलक यांनी १९६१ मध्ये अस्थिमज्जेतील अशा कोशिकांचा प्रायोगिक पुरावा दिला. १९८१ मध्ये केंब्रिज येथे मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथे गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे उंदराच्या कोरकपुटीपासून (अगदी प्रारंभिक भ्रूणापासून) कोणत्याही ऊतकात रूपांतरित होऊ शकणाऱ्या भ्रूणीय मूल कोशिका संवर्धित केल्या. मानवी कोशिकांसाठी आणखी सतरा वर्षे लागली. नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स टॉमसन यांनी कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांतून उरलेल्या व दात्यांनी संमतीपूर्वक दिलेल्या भ्रूणांपासून पाच मानवी कोशिका-वंश मिळविल्याचे जाहीर केले.

भ्रूण नष्ट करून मिळविलेल्या कोशिका वापराव्यात काय, हा प्रश्न लगेच राजकीय झाला. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्या दिवसापर्यंत अस्तित्वात असलेल्या कोशिका-वंशांवरील संशोधनासच शासकीय पैसा मिळेल, असे जाहीर केले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातील दहा वंशांची नोंद होती : सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडील व तीन बंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील. मुंबईचे नाव या विषयाच्या जागतिक चर्चेत प्रथम आले ते अशा रीतीने. यादीतील बरेच वंश प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती आले नाहीत, ही गोष्ट वेगळी. पुढे मुंबईतीलच परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत दीपा भारतीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘किंड-१’ व ‘किंड-२’ हे दोन मानवी भ्रूणीय कोशिका-वंश तयार करून २००९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

भ्रूणाचा प्रश्न बाजूला सारणारा शोध क्योटोत लागला. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पूर्ण विकसित कोशिकेचे केंद्र अंड्यात घालून त्यापासून भेकराची (बेडकाच्या डिंभाची) वाढ घडवून आणली होती. म्हणजे विकसित कोशिकेतील आनुवंशिक माहिती पुसली जात नाही, तर केवळ मिटून ठेवली जाते. ती पुन्हा उघडण्यास किती जनुके पुरतील, हा प्रश्न शिन्या यामानाका यांनी घेतला. काझुतोशी ताकाहाशी यांच्यासह त्यांनी चोवीस संभाव्य जनुके निवडली व एकेक वगळून पाहत शेवटी चारच पुरेशी आहेत असे २००६ मध्ये उंदरांच्या त्वचा-कोशिकांत आणि २००७ मध्ये मानवी कोशिकांत दाखविले. या कोशिकांना प्रेरित बहुसमर्थ मूल कोशिका म्हणतात. २००७ मध्येच टॉमसन यांच्या प्रयोगशाळेनेही थोड्या वेगळ्या चार जनुकांनी तेच साधले. गर्डन व यामानाका यांना २०१२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. यापुढे रुग्णाच्या त्वचेच्या तुकड्यापासून त्याच्याच डोळ्याच्या कोशिका बनविणे तत्त्वतः शक्य झाले.

संवर्धनाची पद्धती : काचपात्रातील मूल कोशिका ही अत्यंत नाजूक वस्तू आहे. सुरुवातीस त्या उंदराच्या भ्रूणातील तंतुजनक कोशिकांच्या गादीवर वाढविल्या जात. ही ‘पोषक’ गादी त्यांना आधार व आवश्यक प्रथिने पुरवी. रुग्णाच्या डोळ्यात जावयाच्या कोशिका परक्या प्राण्याच्या कोशिकांवर वाढवू नयेत, म्हणून पुढे लॅमिनीन, व्हिट्रोनेक्टीन यांसारख्या शुद्ध प्रथिनांचा लेप दिलेली पात्रे वापरात आली. संवर्धन माध्यम बहुधा रोज बदलावे लागते, सुटीच्या दिवशीही. मानवी कोशिका एकमेकींपासून सुट्या केल्या की मोठ्या प्रमाणावर मरत. योशिकी सासाई यांच्या गटाने २००७ मध्ये एका विशिष्ट एंझाइमास रोध करणारे द्रव्य वापरून हा मृत्यू टाळता येतो हे दाखविले आणि पुढील काम एकदम सुकर झाले.

रंजक उपकला मिळविणे मात्र अनपेक्षितपणे सोपे ठरले. मूल कोशिकांना अविभेदित अवस्थेत राखणारे वृद्धिकारक माध्यमातून काढून घेतले आणि पात्र काही आठवडे तसेच वाढू दिले, तर दाट कोशिकांत मधूनमधून काळे ठिपके उमटतात. ते ठिपके म्हणजे रंजक उपकला. नव्या संशोधकाच्या डोळ्यांनाही ते सूक्ष्मदर्शकाविना दिसू शकतात, आणि हीच तिची मोठी सोय आहे : इतर बहुतेक कोशिका ओळखण्यास रासायनिक खुणा लागतात, ही आपल्या रंगानेच ओळखू येते. सूक्ष्म नळीने वा पात्याने हे ठिपके उचलून स्वतंत्र पात्रात पसरविले की कोशिका प्रथम रंग गमावतात, विभागतात आणि पात्र भरल्यावर पुन्हा काळ्या, षट्‌कोनी होऊन एकमेकींस घट्ट चिकटतात. माकडाच्या भ्रूणीय कोशिकांपासून सासाई व मासायो ताकाहाशी यांच्या गटाने २००२ मध्ये, तर मानवी कोशिकांपासून इरिना क्लिमन्स्काया व रॉबर्ट लान्झा यांनी २००४ मध्ये ही उपकला मिळविली. जेरूसलेम येथील हदासा रुग्णालयाच्या गटाने २००९ मध्ये निकोटिनामाइड (एक ब जीवनसत्त्व) घातल्यास हे रूपांतर अधिक प्रमाणात होते असे दाखविले. अशा मानवी कोशिका उपर्युक्त रोगी उंदरांच्या डोळ्यात घातल्यावर त्यांची दृष्टी टिकते, हे २००६ मध्ये रेमंड लुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. वापरापूर्वी कोशिकांत गुणसूत्रदोष नाही, त्या टोके गिळतात आणि त्यांत एकही अविभेदित मूल कोशिका उरलेली नाही, या गोष्टी तपासाव्या लागतात. उरलेली एखादीही कोशिका टेराटोमा नावाची गाठ निर्माण करू शकते.

प्रकाशग्राही कोशिका याहून अवघड. टॉमस रे व दीपक लांबा यांनी २००६ मध्ये तीन प्रथिनांच्या मिश्रणाने मानवी भ्रूणीय कोशिकांपैकी सु. ८० टक्क्यांपर्यंत कोशिका जालपटलाच्या पूर्वज-कोशिकांच्या दिशेने वळविल्या. परंतु खरा विस्मय २०११ मध्ये घडला. कोबे येथे मोतोत्सुगु एइराकु व सासाई यांनी उंदराच्या सु. ३,००० मूल कोशिकांचा पुंजका तळाला न चिकटविता द्रवात तरंगत ठेवला. काही दिवसांत त्यातून फुगवटे बाहेर आले आणि मग प्रत्येक फुगवटा आपणहून आत दुमडून पेल्याच्या आकाराचा झाला. आतील थर जालपटलाचा, बाहेरील रंजक उपकलेचा. भ्रूणात डोळा तसाच बनतो. तथापि आतापर्यंत अशी समजूत होती की, हा पेला दुमडण्यास शेजारच्या भिंगाचा व त्वचेचा रेटा लागतो. काचपात्रात भिंग नव्हते, त्वचाही नव्हती. २०१२ मध्ये मानवी कोशिकांनीही तेच केले. त्यांचा पेला आकाराने मोठा होता व त्यास वेळही अधिक लागला, जणू कोशिका आपल्या जातीचे घड्याळ बरोबर घेऊन आल्या होत्या.

एका मोठ्या अनुमानाची फेरतपासणी : लंडन येथील रॉबर्ट मॅक्लारेन व रॉबिन अली यांनी २००६ मध्ये, नवजात उंदरांच्या डोळ्यातील विशिष्ट वयाच्या शलाका-पूर्वज कोशिका प्रौढ उंदरांच्या जालपटलाखाली घातल्यास त्या योग्य जागी जाऊन जुळतात, असे प्रसिद्ध केले. प्रतिरोपित कोशिका हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने ओळखता येत. मिशिगनमधील आनंद स्वरूप यांच्या प्रयोगशाळेत तयार केलेले, शलाकांत हे प्रथिन असलेले उंदीर त्यासाठी उपयोगी पडले. यजमान जालपटलात योग्य थरात, योग्य आकाराच्या हिरव्या शलाका दिसत होत्या. २०१२ मध्ये या पद्धतीने रातांधळ्या उंदरांना अंधुक प्रकाशात दिसू लागल्याचेही नोंदविले गेले. दहा वर्षे अनेक प्रयोगशाळांनी याच पायावर काम केले. २०१६ मध्ये मात्र अली यांच्या स्वतःच्या गटासह अनेक गटांनी दाखविले की, हिरव्या दिसणाऱ्या बहुतेक शलाका यजमान उंदराच्याच होत्या. प्रतिरोपित कोशिका जालपटलाखालीच राहिल्या होत्या व त्यांच्यातील प्रथिने, आणि कदाचित त्यांचे संदेशवाहक रेणू, यजमान शलाकांत गेले होते. दृष्टीत दिसलेली सुधारणा खोटी नव्हती. तिचे स्पष्टीकरण चुकले होते. नव्या कोशिका जुन्या मंडलात जोडल्या गेल्या नव्हत्या, तर मरणोन्मुख कोशिकांना हरवलेले प्रथिन उसने मिळाले होते. ज्या डोळ्यात यजमान शलाका उरल्याच नाहीत, तेथे या उसनवारीचा उपयोग नाही. आपल्याच दशकभराच्या कामाचा अर्थ बदलणारा पुरावा त्याच संशोधकांनी प्रसिद्ध करावा, हे या क्षेत्राच्या प्रकृतीचे सुचिन्हच म्हटले पाहिजे. याच्या काही वर्षे आधी आणखी एक आशा मावळली होती : प्रौढ उंदराच्या डोळ्यातील लोमश पिंडाच्या (भिंगाच्या कडेभोवतीच्या वलयाच्या) कोशिकांत जालपटलाच्या मूल कोशिका आहेत असे २००० मध्ये जाहीर झाले होते, २००९ मध्ये त्या तेथील सामान्य रंजित कोशिकाच असल्याचे प्रतिपादले गेले.

मनुष्यावरील चाचण्या : भ्रूणीय मूल कोशिकांपासून बनविलेली रंजक उपकला प्रथम जुलै २०११ मध्ये लॉस अँजेल्स येथे स्टीव्हन श्वार्ट्‌झ यांनी दोन स्त्री-रुग्णांच्या प्रत्येकी एका डोळ्यात ५०,००० कोशिकांच्या निलंबनाच्या (द्रवात तरंगत्या) स्वरूपात घातली. एकीस स्टारगार्ट रोग व दुसरीस वार्धक्यजन्य अपकर्ष होता. पुढे अठरा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला : गाठ कोणासही झाली नाही, तेरा जणांच्या जालपटलाखाली रंजकाचे नवे ठिपके दिसले, दहा डोळ्यांची दृष्टी काहीशी सुधारली. हे प्रयोग सुरक्षितता पाहण्यासाठी होते, हे विसरता कामा नये. एका डोळ्यातील अक्षरे वाचण्याची सुधारणा केवळ रुग्णाच्या उत्साहानेही होऊ शकते.

कोशिका सुट्या सोडाव्यात की थर करूनच बसवाव्यात, याविषयी मतभेद आहेत. सुट्या कोशिका टोचणे सोपे, पण त्या ढीग करून बसतात. लंडन येथे पीटर कॉफी व लिंडन दा क्रूझ यांनी पॉलिएस्टरच्या पातळ पटलावर कोशिकांचा थर वाढवून ६ मिमी. लांब व ३ मिमी. रुंद असे ठिगळ बनविले. रक्तस्रावी प्रकारचा अपकर्ष होऊन नुकतीच दृष्टी गेलेल्या दोन रुग्णांना ते बसविले असता वर्षभरात एकास २९ व दुसऱ्यास २१ अक्षरे अधिक वाचता येऊ लागली (२०१८). त्यांपैकी एकाचे जालपटल सुटून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. कॅलिफोर्नियात मार्क हुमायून यांच्या गटाने पॅरिलीन या बहुवारिकाच्या पटलावर असेच ठिगळ केले.

रुग्णाच्या स्वतःच्या कोशिकांचा पहिला प्रयोग १२ सप्टेंबर २०१४ रोजी कोबे येथे झाला. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतील एका स्त्रीच्या त्वचेपासून प्रेरित मूल कोशिका व त्यांपासून रंजक उपकलेचा थर कोणत्याही कृत्रिम आधाराविना बनविला, १.३ मिमी. रुंद व ३ मिमी. लांब असा त्याचा तुकडा तिच्या एका डोळ्यात बसविण्यात आला. वर्षभरानंतर तुकडा जागच्या जागी होता, प्रतिरक्षा-रोधक औषधे न देताही तो नाकारला गेला नव्हता आणि दृष्टी सुधारली नव्हती, तशीच ढासळलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या कोशिकांत डीएनएचे काही बदल आढळले, म्हणून त्या वापरल्या गेल्या नाहीत व चाचणी थांबविण्यात आली. प्रत्येकासाठी स्वतंत्र कोशिका वाढविण्याचा काळ व खर्च पाहता गटाने पुढे प्रतिरक्षा-दृष्ट्या जुळणाऱ्या दात्याच्या साठविलेल्या कोशिका वापरल्या (२०१७). २०२० मध्ये कोबेतच रेटिनायटिस पिग्मेंटोझाच्या रुग्णास प्रकाशग्राही कोशिकांचा पत्रा प्रथम बसविला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेत कपिल भारती यांच्या गटाने विरघळणाऱ्या पटलावर रुग्णाच्याच कोशिका वाढवून २०२२ मध्ये पहिला रुग्ण हाताळला.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकाच्या १६ मार्च २०१७ च्या अंकात कोबेच्या रुग्णाचा वृत्तांत छापला गेला आणि त्याच्या लगतच्या पानांवर फ्लोरिडातील तीन स्त्रियांचा. त्या ७२ ते ८८ वर्षे वयाच्या होत्या व त्यांना वार्धक्यजन्य अपकर्ष होता. तेथील एका खाजगी दवाखान्यात २०१५ मध्ये त्यांच्या पोटावरील चरबी काढून, त्यातून वेगळ्या केलेल्या तथाकथित ‘मूल कोशिका’ त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांच्या काचाभ द्रवात टोचण्यात आल्या. यासाठी पैसे घेण्यात आले होते. उपचारापूर्वी त्यांची दृष्टी ६/९ ते ६/६० या मर्यादेत होती. म्हणजे काहींना वाचता येत होते. काही दिवसांतच रक्तस्राव, जालपटल सुटणे असे उपद्रव झाले व वर्षानंतर दृष्टी ६/६० पासून प्रकाशाचीही जाणीव नसण्यापर्यंत खालावली. दोन्ही प्रसंगांत ‘मूल कोशिका’ हाच शब्द वापरला होता. एकीकडे अनेक महिने वाढविलेल्या, जनुकांपर्यंत तपासलेल्या कोशिका एकाच डोळ्यात, आणि संशय येताच दुसऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया रद्द. दुसरीकडे चरबीतून काढलेला, जालपटलाशी काही नाते नसलेला कोशिकांचा गाळ एका दिवसात दोन्ही डोळ्यांत. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून सहसा पैसे घेत नाहीत आणि दोन्ही डोळे एकाच वेळी हाताळीत नाहीत, एवढे जरी रुग्णाच्या नातेवाइकांस माहीत असते, तरी हा अनर्थ टळण्यासारखा होता.

भारतात भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूल कोशिकांचे संशोधन व उपचार यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१३ च्या आवृत्तीत शीर्षकातील ‘उपचार’ हा शब्द जाणीवपूर्वक वगळण्यात आला. रक्तविकारांसाठीचे अस्थिमज्जा-प्रतिरोपण सोडल्यास बाकी सर्व वापर संशोधन म्हणूनच, मान्यताप्राप्त चाचणीत व्हावा, असा त्याचा आशय होता. २०१७ मध्ये ती पुन्हा सुधारण्यात आली. डोळ्याच्या पुढील भागात मात्र संवर्धित कोशिकांना देशात यापूर्वीच स्थान मिळाले आहे. स्वच्छमंडलाच्या कडेच्या मूल कोशिका वाढवून त्या बसविण्याची पद्धत इटलीत १९९७ मध्ये प्रथम यशस्वी झाली व हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत ती २००१ पासून रासायनिक भाजण्याने अंध झालेल्या रुग्णांसाठी वापरली जाते. चुना, आम्ल वा फटाक्यांनी डोळे गमावलेल्या या रुग्णांत बालके व तरुण कामगार बरेच असतात. दोन्ही गोष्टी मूल कोशिकांच्याच असल्या, तरी स्वच्छमंडलाच्या या यशाचा दाखला देऊन जालपटलाचे उपचार विकले जातात, ही दिशाभूल आहे. पहिल्यात एक साधा पृष्ठभाग पुन्हा आच्छादावयाचा असतो, दुसऱ्यात तंत्रिकामंडल पुन्हा जुळवावयाचे असते.

बंगळुरू येथील आयस्टेम या संस्थेने प्रेरित मूल कोशिकांपासून बनविलेल्या रंजक उपकलेच्या निलंबनाची मानवी चाचणी भारतात हाती घेतली आहे. प्रकाशग्राही कोशिका ज्यांच्यात अद्याप जिवंत आहेत अशाच रुग्णांना रंजक उपकलेचा लाभ होण्याचा संभव असल्याने, अशा सर्व चाचण्यांत रुग्णाची निवड करताना प्रकाशकीय संसक्त छेदचित्रणाने जालपटलाचे थर मोजून पाहिले जातात. त्या कोशिका पूर्ण नष्ट झाल्यावर काय करावे, याविषयी दोन दिशांनी काम चालू आहे : एक, कोबेप्रमाणे प्रकाशग्राही कोशिकांचा पत्रा बसविणे, दुसरी, माशांप्रमाणे म्यूलर कोशिकांनाच तंत्रिका कोशिका बनविण्यास प्रवृत्त करणे. यांपैकी दुसऱ्या मार्गाने उंदराच्या जालपटलात नव्या तंत्रिका कोशिका निर्माण होऊन त्या शेजारच्या कोशिकांशी जोडल्या जातात, असे रे यांच्या सिअ‍ॅटल येथील प्रयोगशाळेने २०१७ मध्ये दाखविले.